वर्गणीदार होण्यापूर्वी

२९ सप्टेंबर २०१० या दिवशी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यातले टेंभली हे आडबाजूचे गाव अकस्मात देशभर गाजले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग आणि संयुक्त पुरोगामी आघाडीच्या अध्यक्षा सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातील पहिला आधार क्रमांक याच गावच्या रंजना सोनवणे यांना देण्यात आला. त्या बारा अंकांनी टेंभलीचे भाग्य किती उजळले, याची चर्चा पुढे अनेकदा झाली आणि ती फारशी सुखावह नव्हती. तो आजचा विषय नव्हे. त्या दिवशी गावात भ्रमणध्वनी होता तो बोलण्यासाठी होता, एवढेच येथे लक्षात घ्यायचे. २०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट आले आणि पुढच्या काही वर्षांत त्याच यंत्राचे रूप पालटले. आता ते घरातले वर्तमानपत्र आहे, शिक्षक आहे, वैद्य आहे, शेतीचा सल्लागार आहे आणि करमणुकीचा तमाशाही आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख, त्यांत दहापैकी जवळजवळ सात जण जनजाती समाजातील, आणि साक्षरता चौसष्ट टक्क्यांच्या आसपास. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत आधी वृत्तपत्र आले, मग मासिके, मग आकाशवाणी, मग दूरदर्शन आणि सर्वांत शेवटी इंटरनेट. प्रत्येक पायरीवर निवड करण्याची थोडी थोडी सवय लागत गेली. अक्कलकुवा किंवा धडगाव तालुक्यातील कित्येक घरांत मधल्या साऱ्या पायऱ्या ओलांडून चलच्चित्रच थेट चुलीपाशी पोहोचले आहे. साहजिकच, कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकू नये हे ठरवण्याचा सराव होण्याआधीच हजारो माणसे एकाच वेळी बोलू लागली आहेत. अर्थात सराव असलेल्या घरांची अवस्था याहून बरी आहे, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

हा विषय सुचला तो शहादा तालुक्यातील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांमुळे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. गेल्या दिवाळीत नाशिकच्या मुलाने त्यांना नवा फोन घेऊन दिला. दोन महिन्यांनी भेट झाली तेव्हा त्यांनी यूट्यूबवर एकशे बारा वाहिन्यांचे सदस्यत्व घेतलेले होते. आम्ही चकित होऊन कारण विचारले. आप्पा म्हणाले, "भाऊ, प्रत्येक जण शेवटी हात जोडून सांगतो की सबस्क्राइब करा, घंटी दाबा. इतक्या आर्जवाने माणूस मागतो, त्याला नाही कसे म्हणायचे? पैसे तर पडत नाहीत." आणि मग जरा थांबून म्हणाले, "पण दिवसभर ही घंटीच वाजते हो."

सबस्क्राइब या शब्दाला आपल्याकडे एक जुना, भारदस्त प्रतिशब्द आहे: वर्गणीदार होणे. आप्पांनी आयुष्यभरात दोन नियतकालिकांची वर्गणी भरली. पगाराच्या दिवशी मनीऑर्डरचा अर्ज लिहायचा, म्हणजे त्या महिन्यात दुसऱ्या कशाला तरी कात्री लागायची. म्हणून निर्णय घरात बोलून व्हायचा. १८८१ साली 'केसरी' निघाला, तेव्हापासून कितीतरी गावांत एकाने वर्गणी भरायची आणि दहा जणांनी बसून ऐकायचे, अशी रीत होती. अंकावर संपादकाचे नाव असे, मुद्रकाचे नाव असे, पत्ता असे. चूक झाली तर खरमरीत पत्र लिहिता येई, आणि समाधान झाले नाही तर पुढच्या वर्षी वर्गणी बंद करता येई. पैसे द्यावे लागत म्हणून विचार करावा लागे. आज पैसे द्यावे लागत नाहीत आणि त्यासोबत विचारही गळून पडला आहे.

वास्तविक वर्गणी आजही भरावी लागते. ती वेळेची असते आणि कानांची असते. शिवाय आपल्या अंगठ्याला समोरच्याच्या लेखी रोख किंमत आहे. यूट्यूबवरील जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी वाहिनीला एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिले गेल्याची नोंद लागते, हा नियम २०१८ पासून आहे. छोट्या दृश्यफितींसाठी निराळे गणित आहे. तेव्हा हात जोडून केलेली ती विनंती ही उपजीविकेची विनंती असते. त्यात लाजिरवाणे काही नाही. लेखणीवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर त्यावर नाक मुरडूच नये. परंतु मागणारा काय मागतो आहे हे देणाऱ्याला माहीत असले पाहिजे.

नवशिक्याचा आणखी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. एखाद्या वाहिनीचे सदस्यत्व घेतले म्हणजे आपल्याला तीच दिसत राहील, असे होत नाही. फोन उघडताच जे पहिले पान दिसते ते आपण कालपरवा काय पाहिले, किती वेळ पाहिले यावरून यंत्र मांडत असते. एकदा मध्यरात्री भुताखेतांचे काही पाहिले की आठवडाभर भुतेच भेटीला येतात. आपण निवडलेल्या वाहिन्यांचे पान वेगळे असते, खाली त्याचे स्वतंत्र बटण असते, आणि तेथे त्यांचेच नवे कार्यक्रम क्रमाने लागलेले असतात. फोन हाती घेतल्यावर आधी या पानावर जायची सवय एवढी एकच गोष्ट आप्पांना शिकवायला आम्हाला अर्धा तास लागला; पण त्या अर्ध्या तासाने त्यांचे निम्मे काम झाले. पाहिल्याची नोंद पुसता येते, थांबवताही येते, आणि नको असलेली वाहिनी पुन्हा सुचवू नकोस असे यंत्राला बजावताही येते. हे मुलांना ठाऊक असते. वडीलधारे विचारत नाहीत म्हणून ती सांगत नाहीत.

आता मिरचीकडे वळू. नंदुरबारात राहून मिरचीवाचून बोलणे शक्य नाही. हिवाळ्यात शहराबाहेरच्या पथारींवर लाल मिरचीचे गालिचे पसरतात, तेव्हा शिंकल्याशिवाय कोणी पुढे जाऊ शकत नाही. ही लाली शेतकऱ्याला सुखासुखी मिळत नाही. पाने आक्रसणारा चुरडा-मुरडा रोग, ज्याला आपल्याकडे बोकड्याही म्हणतात, उभे पीक बसवतो. त्यातली मेख अशी की पान चुरगळण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. फुलकिड्यांनी रस शोषला तर पानाच्या कडा वरच्या बाजूला वळतात, कोळी पडला तर त्या खाली वळतात, आणि पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर रोपच खुजे होऊन बसते. कोळी हा कीटकच नव्हे, त्यामुळे पुष्कळशी कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. विषाणू शिरलेले झाड तर कोणत्याही औषधाने बरे होत नाही. ते उपटून टाकायचे आणि माशीला आवर घालायचा, एवढेच हाती असते.

आप्पांच्या पुतण्याने गेल्या हंगामात दीड एकर मिरची लावली होती. भाद्रपदात पाने वळू लागली. त्याच्या फोनवर एक वाहिनी होती; लाखो सदस्य, झोकदार आवाज, हातात चकचकीत बाटली. 'कोणताही चुरडा, तीन दिवसांत साफ' असा दावा होता. बाटली मागवण्याची सोय चित्रफितीखालीच होती. पुतण्याने दोन फवारण्या केल्या, मग तिसरीत आणखी एक औषध आपल्या मनाने मिसळले. पाने काही उलगडली नाहीत. पुढे जाणत्या माणसाने शेतात येऊन पानाची मागची बाजू भिंगाखाली पाहिली. तेथे कोळी होता. म्हणजे औषध खोटे असो वा खरे, दुखणेच निराळे होते. चित्रफितीतल्या माणसाला ते पान दिसण्याचा संभव नव्हता, आणि 'आधी पान उलटून पाहा' असे त्याने एकदाही म्हटले नव्हते. म्हटले असते तर बाटल्या कमी खपल्या असत्या.

फवारणीतील चुकीची किंमत पैशापुरती राहिली तर नशीब म्हणायचे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या प्रकाराचा यूट्यूबशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण औषधांची मनमानी मिसळ काय करू शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले आहे. आणि अशी मिसळ आज घरबसल्या कोणीही कोणालाही शिकवू शकतो.

त्याच पुतण्याच्या फोनवर दुसरी एक लहानशी वाहिनी आम्ही पाहिली. सदस्य काही हजार. चित्र हलते, वाऱ्याचा आवाज येतो, बोलणे अडखळते. पण तो शेतकरी लागवडीपासून तोडणीपर्यंत एकाच शेतात उभा राहून बोलतो. मध्ये एकदा त्याचे रोपच गेले. तेही त्याने दाखवले आणि कशामुळे गेले ते सांगितले. एका भागात त्याने आधी दिलेला सल्ला चुकीचा होता, असे म्हणून तो मागे घेतला आहे. आम्हाला विचाराल तर सदस्यसंख्येचा आकडा पाहण्याआधी हे शोधावे. माणूस स्वतः कोठे उभा आहे? तो आपली चूक कधी दाखवतो का? आणि 'हे मला ठाऊक नाही, जवळच्या जाणकाराला विचारा' असे त्याच्या तोंडून कधी निघते का? नंदुरबारजवळ कोळदे येथे डॉ. हेडगेवार सेवा समितीच्या वतीने चालणारे कृषी विज्ञान केंद्र आहे; पान हातात घेऊन तेथे जाता येते. तेही जमत नसेल तर १८००-१८०-१५५१ या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावर फुकट बोलता येते. ज्या वाहिनीला अशा ठिकाणांचे वावडे आहे, तिच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

स्वयंपाकाच्या क्षेत्रात ही पारख आपल्या गृहिणींनी केव्हाच करून टाकली आहे. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना मराठी पदार्थ दाखवायला सुरुवात केली आणि त्या घराघरांत पोहोचल्या. नगरजवळच्या सारोळा कासार येथील सुमन धामणे यांनी तर सत्तरीच्या घरात नातवाच्या मदतीने 'आपली आजी' ही वाहिनी उभी केली. २०२० साली ती कोणी चोरट्याने बळकावली आणि परत मिळाली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास सोडला. या आजी शेअर बाजाराचा सल्ला देत नाहीत. त्यांना येते ते त्या करून दाखवतात, आणि ते बरोबर आहे की नाही हे संध्याकाळच्या जेवणात कळते. ज्या विषयात असा ताळा लगेच मिळतो तेथे नवशिक्याने बिनधास्त शिरावे. ताळा मिळायला वर्ष लागते, किंवा तो मिळेपर्यंत हातातले सर्वस्व गेलेले असते, तेथे मात्र पाऊल जपून टाकावे.

शेअर बाजार हा असाच विषय आहे. आज तालुक्याच्या गावातील महाविद्यालयीन तरुणाच्या फोनवरही वायदे आणि ऑप्शन शिकवणारे गुरू असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने जाहीर केलेल्या अभ्यासात असे दिसले की २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला आणि एकूण तोट्याची रक्कम एक लाख ऐंशी हजार कोटी रुपयांच्या वर गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये 'बाप ऑफ चार्ट' या नावाने सल्ले देणाऱ्यावर सेबीने बाजारबंदी घातली आणि सतरा कोटी वीस लाख रुपये जमा करण्यास सांगितले. नोंदणी नसताना शिकवण्याच्या नावाखाली शेअर खरेदीचे सल्ले दिले, असा त्यातील मुख्य ठपका होता. सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का, हे तिच्या संकेतस्थळावर पाहता येते. हे न पाहता मुलाच्या हाती बियाण्याचे पैसे देणारे वडील आम्हाला माहीत आहेत.

बक्षीस घेऊन केलेली स्तुती ही जाहिरातच असते आणि ती तशी सांगितली पाहिजे, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा आहे, पण साक्रीच्या रस्त्यावर वेगमर्यादेची पाटीही आहे.

स्पर्धा परीक्षांविषयी फार लिहीत नाही, कारण त्या तरुणांना उपदेश पुष्कळ मिळतो. पोलीस भरतीची किंवा लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या मुलाने एकाच विषयाचे सात शिक्षक लावले की तो सात वेळा पहिले प्रकरण शिकतो, इतकेच आम्ही पाहिले आहे.

आजाराविषयी मात्र लिहिलेच पाहिजे. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हे दुखणे पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते आईवडिलांकडून मुलाकडे येते, रक्ततपासणीत कळते, आणि नियमित औषधोपचाराने रुग्णाच्या वेदना पुष्कळ कमी करता येतात. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले ते याचसाठी. तरीही एकवीस दिवसांच्या काढ्याने हा आजार मुळासकट जातो, असे छातीठोक सांगणारी माणसे फोनवर भेटतात. वनौषधींचे ज्ञान आपल्या जनजाती बांधवांकडे परंपरेने आहे आणि त्याचा आम्हाला आदर आहे. गावचा वैदू रुग्णाच्या घरी येतो आणि आठ दिवसांनी त्याला पुन्हा तोंड दाखवायचे असते. फोनवरच्या वैद्याला ते बंधन नाही. त्याचे ऐकून रुग्णालयातले औषध बंद केले, तर परिणाम भोगणारे ते मूल असते.

आता एक कटू गोष्ट, आणि ती आपल्या घरातली आहे. आपल्यापैकी अनेकांच्या यादीत वाहिन्यांची निवड एकाच निकषावर झालेली असते: हा आपल्या बाजूचे बोलतो. आपल्या विचाराचा माणूस बोलताना पाहून बरे वाटते, यात गैर काही नाही. अनेक वर्षे आपल्याला व्यासपीठच नाकारले गेले, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. परंतु एखाद्याने देवाधर्माचे नाव घेऊन चुकीचा सनावळीचा इतिहास सांगितला, जुनी चित्रफीत आजची म्हणून दाखवली, किंवा रोज संध्याकाळी नव्या संतापाची पुडी बांधून दिली, तर तो आपला कसा? संताप चटकन पसरतो, म्हणून तो विकला जातो. विकणाऱ्याचा विचार कोणताही असो. शाखेतून घरी आलेल्या स्वयंसेवकाने ती फीत पुढे ढकलली की तिला त्याच्या चारित्र्याचा शिक्का मिळतो. गावातला दुकानदार म्हणतो, ते खोटे पाठवणार नाहीत. पन्नास वर्षे घरोघर जाऊन मिळवलेला हा विश्वास एखाद्या अनोळखी माणसाच्या सदस्यसंख्येसाठी खर्च करायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या स्वतःच्या फोनवरून अशा तीन वाहिन्या आम्ही या वर्षी काढल्या. त्यांतल्या एकीचे आम्ही पूर्वी कौतुकही केले होते.

भाषेची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. या जिल्ह्यात अहिराणी, भिली, पावरी, मावची, गुजरी अशा किती बोली नांदतात. 'हाई झुमका वाली पोर' या अहिराणी गाण्याने अवघा महाराष्ट्र नाचवला, तेव्हा खानदेशी माणसाची मान ताठ झाली. मंडपातल्या कर्कश भोंग्यांसह ताठ झाली, असे म्हणू या. पण गाण्यापलीकडे जाऊन आपल्या बोलीत गोष्टी सांगणारे, पावरीत होळीच्या चालीरीती समजावणारे, मोलगीच्या बाजारातील भगर आणि आमचूर यांविषयी बोलणारे तरुणही हळूहळू पुढे येत आहेत. त्यांना सुरुवातीचे हजार सदस्य मिळवताना घाम फुटतो. धडगावच्या मुलाच्या कानावर दिवसभर परक्या शहराची हिंदी पडत असेल, तर त्याच्या यादीत एक तरी वाहिनी आजीच्या बोलीतली असावी, आणि तिच्यासाठी अंगठा दाबताना कंजुषी करू नये.

किती वाहिन्या घ्याव्यात, असा प्रश्न येतोच. आमच्या मते नवशिक्याने पाचाने सुरुवात करावी. कुटुंबाने आठवड्यातून एकदा एकत्र बसून जेवण्या-बोलण्याची जी पद्धत आपल्या पुष्कळ घरांत रुजली आहे, त्या बैठकीत महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपली यादी वाचून दाखवावी. वडिलांनीही. मुलाला 'तू काय पाहतोस' असे दरडावून विचारण्यापेक्षा आपली यादी आधी पुढे ठेवली, तर मुले मोकळी होतात. क्वचित ती आपल्या यादीला हसतात, तेही ऐकून घ्यावे. महिनाभरात एकदाही कामी न आलेली वाहिनी काढून टाकावी. तिला वाईट वाटत नाही.

आप्पांनी हे मनावर घेतले. संक्रांतीनंतर दोन संध्याकाळी नातीला शेजारी बसवून त्यांनी एकशे बारांची गाळणी केली. नात नाव वाचायची, "आबा, हे ठेवायचे का?" आणि आबा विचारायचे, "हे काय सांगतात गं?" दोघांनाही सांगता आले नाही ते गेले. अखेर चार उरल्या: पुतण्याने दाखवलेला तो मिरचीवाला शेतकरी, नातीची गणिताची शिक्षिका, एक कीर्तनाची आणि आप्पांच्या सौभाग्यवतींनी हट्टाने राखलेली एक स्वयंपाकाची. पाचवी जागा अजून रिकामी आहे. गेल्या आठवड्यात आप्पांचा फोन आला. अहिराणीत जुन्या गोष्टी सांगणारी एक म्हातारी त्यांना सापडली होती. सदस्य जेमतेम दीडशे. तीन गोष्टी ऐकून झाल्या होत्या, चौथी ऐकायची होती. "चौथीही चांगली निघाली तर घेतो," आप्पा म्हणाले, "पण घंटी नाही दाबणार, भाऊ. मी आपला रविवारी जाऊन बघत जाईन."